गाणारीचं नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘बोनी एम’ या जुन्या पॉप ग्रुपवर अर्धं पान मजकूर आला आहे. हल्ली पोरं रीलवर ज्या ‘रस्पुतिन’वर उड्या मारतात, त्या गाण्याची कुळकथा. मजकूर वाचनीय आहे, फोटोही मोठा छापलात. पण फोटोखाली ‘गायक बॉबी फॅरेल व त्याच्या सहकारी नर्तिका’ अशी ओळ आहे, आणि अख्ख्या अर्ध्या पानात लिझ मिचेल हे नाव एकदाही आलेलं नाही. जिच्या आवाजावर या ग्रुपचा सगळा डोलारा उभा होता ती बाई तुमच्याच फोटोत डावीकडून दुसरी उभी आहे, आणि तिला तुम्ही नर्तिका करून टाकलंत. ज्याला गायक म्हटलंत त्याचा आवाज त्या रेकॉर्डवर जवळजवळ नाहीच. मी काही फार मोठा शोध लावला अशातला भाग नाही. ग्रुप उभा करणाऱ्या निर्मात्यानेच ही गोष्ट १९७८ साली जाहीरपणे मान्य केली होती. आपल्या वार्ताहराला ती आज, हातात एवढा मोठा फोन असताना, सापडू नये याचं नवल वाटतं.

मी हे बोलतोय ते कॅसेटवाल्याच्या अधिकाराने. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात, जिन्याखाली, माझं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून द्यायची हा धंदा. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी घेऊन यायचं. एका बाजूला भावगीतं, दुसऱ्या बाजूला ‘बोनियम’. हो, असंच, एका दमात. तासगावचा द्राक्षबागायतदार असो की वालचंद कॉलेजच्या होस्टेलवरचा पोरगा, उच्चार तोच. इंग्रजी गाण्यांचं दुसरं एकही नाव ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही हे ठाऊक होतं. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मांडवात, एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत, सगळीकडे.

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. त्यात गाणी बसवायची तर प्रत्येकाची लांबी तोंडपाठ पाहिजे, नाहीतर शेवटचं गाणं मध्येच तुटतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं. ‘रस्पुतिन’ने मला फार छळलं. ते ज्या एलपीवर आहे त्या ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’वर पहिल्या गाण्याचे ढोल वाजता वाजताच ‘रस्पुतिन’ सुरू होतं. मध्ये श्वासाएवढीही शांतता नाही. रेकॉर्डचं आणि पॉजचं अशी दोन्ही बटणं दाबून डेक तयार ठेवायचा, सुई अलगद सोडायची, आणि कानाने नेमका ठोका पकडून पॉज सोडायचा. एक ठोका चुकला की पहिल्यापासून. त्यात पट्टा सैल झालेला असला तर सगळा ग्रुप गुळणी धरून गातोय असं वाटायचं. मग कापूस आणि स्पिरिट घेऊन हेड पुसत बसा, पट्टा बदला, पुन्हा सुई.

अशा कामात एखादं गाणं इतक्यांदा कानावरून जातं की शब्द कळोत न कळोत, कोण गातंय ते कळायला लागतं. हेडफोन लावला की आवाजाचे थर सुटे होतात. ‘डॅडी कूल’मधला तो खर्जातला पुरुष एका बाजूला. मागे बायकांची फळी. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, जराही न ओरडता चालणारा एकीचा आवाज. गोड आहे, पण गुळमट नाही. शब्द स्वच्छ, एकही गिळलेला नाही. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, तरी तिचे शब्द मला ऐकून लिहून घेता यायचे. एलपीच्या कव्हरवर चकाकत्या कपड्यांतली चार माणसं होती आणि गिऱ्हाइकं त्यातल्या पुरुषाकडे बोट दाखवून म्हणायची, “ह्यो बघा, ह्यो गातो.” मीही मान डोलवायचो. गिऱ्हाइकाशी वाद घालून धंदा होत नाही.

तर आता तिची गोष्ट. तुमच्या अर्ध्या पानात ती यायला हवी होती.

लिझ मिचेलचा जन्म १२ जुलै १९५२ चा, जमैका बेटावरच्या क्लॅरेंडन भागातला. अकरा वर्षांची असताना ती घरच्यांसोबत लंडनला आली. तरुणपणी ‘हेअर’ या संगीतिकेत तिला काम मिळालं, तेही जर्मनीत, आणि त्या निमित्ताने ती तिकडे पोचली. पुढे तिथल्याच लेस हम्फ्रीज सिंगर्स या मोठ्या गायकसमूहात गायली. समूह म्हणजे खराच समूह, मंचावर माणसंच माणसं. त्यात एकट्याचा आवाज वेगळा ओळखू येणं कठीण. पण दुसऱ्याच्या आवाजाला आवाज लावायची, आणि आपली पाळी आली की लगेच पुढे यायची सवय तिथेच लागत असणार. बोनी एमच्या गाण्यांत ती एका ओळीत फळीत असते आणि पुढच्या ओळीत एकटी, आणि सांधा कुठे आहे ते सापडत नाही. हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

ग्रुप उभा करणारा जर्मन निर्माता फ्रँक फारियन इथे येतो. मूळ नाव फ्रान्झ रॉयथर, जन्म १९४१ चा, शिकला होता आचाऱ्याचं काम. त्याने एक नाचाचं गाणं स्टुडिओत एकट्याने रेकॉर्ड केलं. खर्जातला आवाज त्याचा, वरचा बायकी आवाजही त्याचाच. टीव्हीवर लागणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन गुप्तहेर मालिकेच्या नायकावरून त्याने ‘बोनी एम’ हे नाव उचललं आणि १९७५ साली रेकॉर्ड बाजारात सोडली. म्हणजे ग्रुपचं नाव आधी जन्मलं, माणसं नंतर. रेकॉर्ड हॉलंड-बेल्जियमकडे खपायला लागली, टीव्हीवाले बोलावू लागले, तेव्हा प्रश्न आला की दाखवायचं कोणाला? मग माणसं गोळा केली. मेझी विल्यम्स मॉन्टसेरात बेटाची, बॉबी फॅरेल अरुबा बेटाचा, मार्शा बॅरेट जमैकाची. एकीची जागा टिकेना. तिथे १९७६ च्या सुरुवातीला लिझ आली.

चौघं मंचावर, पण रेकॉर्डवर त्यातल्या दोघीच: लिझ आणि मार्शा. तिसरा, पुरुषाचा आवाज, फारियनचा स्वतःचा. मेझी आणि बॉबी रेकॉर्डवर गात नव्हते. आता कोणी म्हणेल की मी एकीला चढवायला दुसरीला खाली दाबतोय, तर तसं नाही. ‘बेलफास्ट’ हे गाणं मार्शा बॅरेटचं आहे आणि ते तिनेच गावं असं आहे. पण जी गाणी आपल्याकडे बारशापासून वरातीपर्यंत वाजली त्यातली पुढची ओळ ऐका. तिथे बहुतेक वेळा लिझ आहे.

‘डॅडी कूल’ १९७६ चं, ‘मा बेकर’ १९७७ चं. ही चढण झाली. खरा स्फोट १९७८ साली. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि एकट्या त्या देशात त्याच्या २० लाखांवर प्रती खपल्या. २० लाख! माझ्या दुकानातून जे भरून गेलं ते अर्थात या हिशोबात नाही.

या गाण्याबद्दल थोडं थांबून लिहितो. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नोकरी केलेले एक वयस्कर गृहस्थ माझे नेहमीचे गिऱ्हाईक. येशूची भजनं भरून न्यायचे. एकदा दुकानात हे गाणं चालू होतं. पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेट होती, पोरगा काउंटरवर बोटांनी ताल धरून उभा. गृहस्थ ऐकत राहिले आणि म्हणाले, “अहो, ही तर स्तोत्रसंहिता. एकशे सदतिसावं स्तोत्र.” पिशवीतून त्यांनी आपलं मराठी बायबल काढलं आणि काउंटरवर उघडून दाखवलं. बाबेलच्या नद्यांच्या काठी बसून रडणारी, देशोधडीला लागलेली माणसं. ज्यांनी त्यांना धरून नेलं तेच म्हणतायत, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणा की. परक्या मुलुखात आमच्या देवाचं गाणं आम्ही कसं म्हणावं, असा त्यांचा सवाल. मी पानाकडे बघतोय, स्पीकरमधून लिझ गातेय, आणि काउंटरवरचा तो पोरगा विचारतोय, “काका, डिस्को हाय न्हवं हे?”

डिस्को होतंच. पण ते जमैकाच्या मेलोडियन्स या गायकत्रयीने १९७० साली रेकॉर्ड केलेलं गाणं होतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्यांच्या वंशजांनी त्या स्तोत्रात आपली कहाणी पाहिली होती. फारियनने त्याला नाचाचा ठेका दिला. आता तिथे कोणी नुसती तयार आवाजाची गायिका उभी केली असती तर ते गाणं एक हंगाम वाजून संपलं असतं, असं माझं मत आहे. लिझने त्यातली प्रार्थना ठेक्याखाली दबू दिली नाही. ती स्वतः त्याच बेटावरची, लहानपणी दुसऱ्या देशात नेलेली. हेडफोनमध्ये ऐका. ढोल नाचतायत आणि ती नाचत नाहीये.

त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला होतं ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’. पुढचं गाणं यादीत घसरायला लागलं तेव्हा रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली, आणि मागच्या गाण्याच्या जोरावर तीच तबकडी परत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. हे मूळचं कॅरिबियन बेटांवरच्या लहान मुलांचं खेळगाणं. आपल्याकडे हादग्याला मध्ये हत्ती मांडून पोरी फेर धरतात तसा फेर धरायचा, फक्त मध्ये हत्तीच्या जागी एक मुलगी असते. बोनी एमच्या आधीही लिझने ते एकदा रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे फारियनच्या कल्पनेतून उगवलेलं नव्हे, तिच्या अंगणातलं गाणं. याची खूण आवाजात लागते. बाकीच्या गाण्यांत ती तयारीने गाते, इथे खेळते.

आणि त्याच वर्षीच्या नाताळात ‘मेरीज बॉय चाइल्ड’. हॅरी बेलाफॉन्टे यांनी १९५६ साली रेकॉर्ड केलेलं गाणं, यांनी त्याला स्वतःचं शेपूट जोडून गायलं, आणि पुन्हा इंग्लंडात पहिला क्रमांक. एका वर्षात दोनदा. डिसेंबरात मिरजेहून या गाण्यासाठी खास माणसं यायची, ती वर सांगितलेल्या गृहस्थांनी धाडलेली.

डिसेंबर १९७८ मध्येच हा ग्रुप मॉस्कोला गेला. शीतयुद्धाचे दिवस, सोव्हिएत सरकारचं आमंत्रण, रेड स्क्वेअरवर चित्रीकरण, दहा कार्यक्रम. गंमत अशी की ज्या रशियन बुवावर गाणं, त्याच्याच देशात ते गाणं तेवढं गायचं नाही अशी अट. ‘रस्पुतिन’ तिथे झालंच नाही. ही गोष्ट तुमच्या लेखात असती तर वाचकांनी चवीने वाचली असती.

बॉबी फॅरेलबद्दलही लिहितो, नाहीतर माझ्यावर उलटा ठपका यायचा. मी त्याला कमी लेखत नाही. तो नाचायचा ते नुसतं नाचणं नव्हतं. उघडी छाती, ती विस्कटलेली झुलपं, पायात स्प्रिंग. बोनी एमचा चेहरा तोच. त्याच्याशिवाय टीव्हीवाल्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं असतं की नाही शंका आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमांत तो माइकवर गायचाही. १९८१ साली त्याला ग्रुपमधून काढलं, पुढच्या वर्षी रेगी त्सिबो नावाचा गाणारा आणला, पण लोकांना बॉबीच हवा होता, आणि काही वर्षांनी तो परत आलाही. १९८६ ला ग्रुप मोडला. बॉबी आपला वेगळा ताफा घेऊन फिरत राहिला आणि ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये, आदल्या रात्री कार्यक्रम करून, हॉटेलच्या खोलीत वारला. खऱ्या रस्पुतिनचा मृत्यूही त्याच शहरात, ३० डिसेंबरलाच, १९१६ साली. बॉबीला ‘नर्तक’ म्हणा, ‘ग्रुपचा चेहरा’ म्हणा, त्यात त्याचा काही कमीपणा नाही. ‘गायक’ म्हटलं की मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातलं काढून त्याच्या ताटात वाढलं जातं.

फारियनने पुढे हाच डाव मिली व्हॅनिली नावाने खेळला. दोन देखणे तरुण पुढे, गाणारे भलतेच. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात काढून घेतलं गेलं. जगभर छी-थू झाली. पण लोक चिडले ते फसवले गेलो म्हणून. ज्या गायकांनी खरोखर गायलं त्यांची नावं तेव्हा किती जणांनी विचारली? चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल. लिहून ठेवा, कधी लेख लिहायचा झालाच तर उपयोगी पडतील. फारियन २३ जानेवारी २०२४ रोजी मायामीत वारला. त्याच्या कानाला दाद द्यावीच लागेल. कोणाचा आवाज टेपवर घ्यायचा ते त्याला बरोबर कळायचं. छापायचं कोणाचं नाव, यात मात्र तो व्यापारी होता.

लिझने १९८८ साली स्वतःच्या नावाची पहिली एलपी काढली. फार चालली नाही. डिस्को मावळलं होतं, आणि लोकांना ‘बोनी एम’ हवं होतं, लिझ मिचेल कोण ते माहीतच नव्हतं. इतकी वर्षं जिचा आवाज घरोघरी होता तिला स्वतःच्या नावावर नव्याने ओळख करून द्यावी लागली! पुढे ती ‘बोनी एम, फीचरिंग लिझ मिचेल’ असं नाव लावून जगभर कार्यक्रम करत राहिली. ग्रुपचं नाव लावून इतरही फिरत होते. त्या पाटीवरचं स्वतःचं नाव तिला स्वतःलाच लावून घ्यावं लागलं. आणि २०२१ साली ‘रस्पुतिन’ नव्या ठेक्यावर पुन्हा बाजारात आलं, फोनवर पसरलं, आमच्या गल्लीतली दुधाचे दात पडलेली पोरं त्यावर गुडघे उडवायला लागली. आवाज तेच, १९७८ चे.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, सांगलीच्या दैनिकाने जमैकाच्या बाईचं नाव विसरलं तर या म्हाताऱ्याचं काय बिघडलं? तर माझी खरी तक्रार याच्या पुढेच आहे.

सांगलीला तरी हे सांगावं लागू नये. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, लता मंगेशकरांचं लहानपण इथल्या रस्त्यांवर गेलं. १९४९ साली ‘महल’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. लोक रेडिओला पत्रं घालून विचारू लागले, ही गाणारी कोण, तेव्हा कुठे खरं नाव बाहेर आलं. ‘फिल्मफेअर’ पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पार्श्वगायनाला वेगळा पुरस्कार मिळायला १९५९ साल उजाडलं, आणि त्याआधी लताबाईंनी, गाणाऱ्याला पुरस्कार नसेल तर मी तुमच्या समारंभात गाणार नाही, असं ठणकावून सांगितलं होतं. पहिला पुरस्कारही त्यांनाच मिळाला, ‘मधुमती’साठी. लताबाईंकडे नाही म्हणायची ताकद होती. सगळ्यांकडे नसते.

आमच्या वाड्याच्या मागच्या आळीत एक बाई राहते. ऑर्केस्ट्रात गाते. लग्नाआधीपासून गातेय, आता मुलगी कॉलेजात आहे. तिच्या उमेदीच्या काळात पोस्टरवर लाल अक्षरांत ‘व्हॉइस ऑफ लता’ असायचं आणि खाली, बारीक टायपात, कधी तिचं नाव, कधी तेही नाही. तेव्हा निदान मागे माणसं असायची. ढोलकी, काँगो, अ‍ॅकॉर्डियन, दोन गिटार. आता एक लॅपटॉप, दोन गाणारे आणि ट्रॅक, म्हणजे आधीच भरून ठेवलेली वाद्यं. ट्रॅक काळी दोन पट्टीचा असला आणि त्या दिवशी गळा बसलेला असला तरी काळी दोनमध्येच गायचं, कारण लॅपटॉपवाल्याला स्केल उतरवता येत नाही किंवा उतरवायचा कंटाळा. कोपऱ्यात गरम पाण्याचा थर्मास, खांद्यावर शाल, आणि पाहुण्यांची भाषणं लांबली की दहाच्या आत उरलेली गाणी कोंबायची. दहाला पोलिसांची गाडी येते. भाषणं कापली गेल्याचं मी कधी पाहिलं नाही, कापली जातात ती गाणी.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडावा. दीपप्रज्वलन कोणी केलं, प्रास्ताविक कोणी केलं, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, सूत्रसंचालन, आभार, आणि ‘यावेळी उपस्थित होते’च्या खाली दीड इंच नावं. गाण्यांबद्दल एकच ओळ: ‘सुमधुर गीतांनी रसिक मंत्रमुग्ध झाले.’ कोणी केले मंत्रमुग्ध? रसिक आपोआपच होतात काय?

एका मंडळाने तर कमाल केली. मंडळाचं नाव लिहीत नाही, वर्गणीदार मीही आहे. त्यांनी उद्घाटनाला एक लावणी या बाईकडून आधी रेकॉर्ड करून घेतली. मंचावर नटूनथटून एक मुलगी आली, ओठ हलवत नाचली. छान नाचली, तिच्याबद्दल तक्रार नाही. निवेदकाने मात्र ‘आपल्या गोड गळ्याने’ म्हणत तिचंच नाव पुकारलं, आणि बातमीतही तेच छापून आलं. गाणारी बाई खाली तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. मी शेजारीच होतो. मी तिला म्हटलं, “अगं, उठून सांग की.” तर म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी सुपारी द्यायची आहे त्यांनीच.” मला तेव्हा १९७८ सालच्या कव्हरवरच्या त्या चार माणसांची आठवण आली. फारियनला निदान जर्मनीत राहून हे सुचलं. आपल्याकडे कोणी न शिकवता चालतं.

तेव्हा आपल्याला विनंती अशी. येत्या रविवारी, जिथे तो फोटो छापला त्याच पानावर, चार ओळींत का होईना, दुरुस्ती छापावी: रेकॉर्डवर गायलेल्या लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट, पुरुषाचा आवाज फ्रँक फारियन, मंचावर बॉबी फॅरेल आणि मेझी विल्यम्सही. एवढं पुरे. आणि आपल्या वार्ताहरांना, विशेषतः गणेशोत्सवाच्या आणि नवरात्राच्या दिवसांत, एक कायमची सूचना द्यावी. गाण्याच्या कार्यक्रमाच्या बातमीत पहिल्या दोन ओळींत गाणाऱ्यांची नावं आली पाहिजेत. मग वाजवणाऱ्यांची. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी. ट्रॅकवर गायले असतील तर ‘ट्रॅकवर’ असं लिहा, त्यात लाज कसली? आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर कोणी नाचलं असेल तर नाचणाऱ्याचं नाव नाचणाऱ्याच्या जागी आणि गाणाऱ्याचं गाणाऱ्याच्या. जागा पुरत नसेल तर उपस्थितांच्या दीड इंचातला अर्धा इंच घ्या. नगरसेवकांचे फ्लेक्स चौकाचौकांत आहेतच, त्यांची काळजी करू नये.

मंडळांनाही सांगायला हवं की पत्रक देताना कार्यकारिणीच्या यादीसोबत गायक-वादकांची यादी द्या. पण मंडळं पेपरात जे छापून येतं तेवढंच बघतात. तुम्ही मागायला लागलात की ती द्यायला लागतील.

त्या बाईचं नाव मी या पत्रात घालणार होतो. तिला विचारलं तर ती म्हणाली, “भांडणाच्या पत्रात नको, काका. कार्यक्रमाच्या बातमीत येऊ दे.” पुढच्या शनिवारी तिचा कार्यक्रम आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं सुवाच्य अक्षरांत लिहून मी शुक्रवारी दुपारी आपल्या कार्यालयात आणून देतो. काउंटरवर कोणाकडे द्यायची तेवढं कळवावं. पत्र लांबलं आहे, कात्री चालवावी लागेल याची कल्पना आहे. दुकानाचा भाग खुशाल काढा. माझं नाव छापलं नाहीत तरी हरकत नाही, मी गात नाही.

आपला,
एक जुना कॅसेटवाला
गावभाग, सांगली